समुद्र रोह्यापर्यंत येतो

२०२५ सालच्या जुलै महिन्याच्या ११ तारखेस पॅरिस येथे भरलेल्या बैठकीत युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे अकरा महाराष्ट्रातले, व बारावा तामिळनाडूतील जिंजी. बातमी आली तेव्हा कोणत्याही मराठी माणसास व्हावा तसा आनंद मलाही झाला. पण आनंदाचा पहिला भर ओसरल्यावर मला दुसरी एक बारा किल्ल्यांची यादी आठवली, आणि तेव्हापासून मन स्वस्थ नाही.

ती यादी बरोबर तीनशे साठ वर्षांपूर्वीची आहे. १६६५ च्या जून महिन्यात पुरंदराच्या पायथ्याशी मिर्झाराजांशी तह झाला. तेवीस किल्ले आणि चार लक्ष होनांचा मुलूख गेला. बारा किल्ले आणि एक लक्ष होनांचा मुलूख राहिला. राज्यावर असा प्रसंग येतो तेव्हा माणूस शोभेची वस्तू जवळ ठेवीत नाही. जिच्यावाचून उद्या पुन्हा उभे राहता येणार नाही, तीच ठेवतो. त्या बारांत राजगड होता, तोरणा होता, रायगड होता. हे आपणां सर्वांस समजते. पण त्याच बारांत घोसाळेही होते. आज रोहे तालुक्यात, रानात, एका एकाकी टेकडासारखा उभा असलेला घोसाळगड! पुण्यामुंबईच्या दहा सुशिक्षित माणसांना विचारून पाहा. नऊजण म्हणतील, 'हा कुठे आला?'

ज्याने किल्ला म्हणजे काय हे उभ्या हिंदुस्थानात सर्वांत चांगले ओळखले होते, त्याने सर्वस्व पणास लागले असता घोसाळे हातचे सोडले नाही. आणि आम्ही, त्याचे वारस म्हणवणारे, त्याचे नावही विसरलो. हा विसर कशामुळे पडला, आणि त्याने आमचे काय नुकसान चालले आहे, एवढेच मला ह्या लेखात सांगावयाचे आहे.

प्रथम एक खुलासा केला पाहिजे. युनेस्कोच्या यादीशी माझे भांडण नाही. जगापुढे ठेवावयाचे नमुने निवडून घ्यावे लागतात. तसे ते घेतले आणि चांगले घेतले. माझे भांडण आपल्याच समजुतीशी आहे. सागरी किल्ला म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे लाटा, खडक आणि त्यावर उभा तट एवढेच येते. समुद्र आपल्याला किनाऱ्यावरच संपल्यासारखा वाटतो. कोकणात तो तसा संपत नाही. तो खाडीने आत येतो. अंबा नदीतून तो धरमतरवरून नागोठण्याकडे येतो, कुंडलिकेतून रेवदंड्याहून रोह्यापर्यंत येतो. रोह्याचा माणूस पुळणीवर राहत नाही. पण भरती-ओहोटीचे वेळापत्रक त्याच्या आजोबास पाठ होते, कारण गावात येणारा माल भरतीबरोबर येई आणि ओहोटीबरोबर जाई.

१६७४ च्या मे महिन्यात मुंबईकर इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडन राज्याभिषेकासाठी रायगडास निघाला, तो ह्याच वाटेने. मुंबईहून शिबाडातून चौल, चौलाहून खाडीने रोह्यासमोरील अष्टमी, आणि तेथे उतरून निजामपूरमार्गे रायगड. सह्याद्रीच्या पोटात वसलेल्या राजधानीचे समुद्राकडील दार रोह्याला होते, ह्याचा याहून स्वच्छ पुरावा काय हवा? जेथून परक्याचा वकील नजराणा घेऊन येतो, तेथूनच परक्याची तोफही येऊ शकते. शहाणा राजा त्या दारावर पहारा बसवतो. कुंडलिकेच्या खोऱ्यात आणि त्याच्या आसपास अवचितगड, सुरगड, बिरवाडी, घोसाळगड आणि थोडा पलीकडे तळागड अशी जी रांग लागली आहे, ती ह्या दाराची कडी आहे. मुखाशी एका तीराला रेवदंड्याचा कोट व दुसऱ्या तीराला कोर्लई; आत आलात की ही रांग. दक्षिणेला दंडाराजपुरीचा सिद्दी, पश्चिमेला चौल-रेवदंड्याचा फिरंगी. दोघांच्या मधोमध स्वराज्याचा जो हात समुद्राकडे पसरला होता त्याची ही बोटे होती.

हे माझे कल्पनाचित्र नव्हे. १७१३-१४ च्या सुमारास बाळाजी विश्वनाथाने कान्होजी आंग्रे यांस शाहूच्या पक्षाला वळवून घेतले, तेव्हा आरमाराच्या ह्या सरखेलाकडे दहा किल्ले आणि सोळा लहान ठाणी कायम करण्यात आली. दहा किल्ले कोणते? खांदेरी, कुलाबा, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, जयगड, देवगड, कनकदुर्ग, फत्तेगड, यशवंतगड — आणि अवचितगड! नऊ नावे उच्चारताच समुद्राचा वारा अंगाला लागतो, आणि दहावा हा रोह्याच्या डोक्यावरचा, दाट रानातला, सुमारे हजार फूट उंचीचा डोंगरी किल्ला. सोळा ठाण्यांतही पेणजवळचा मिरगड आहे, अलिबागेच्या पाठीशी असलेला सागरगड आहे. ज्यांचे आयुष्य डोलकाठीखाली गेले त्या माणसांनी अवचितगड आणि मिरगड हे आरमाराच्या पदरात घातले. त्यांना भूगोल कळत नव्हता काय? त्यांना तो आपल्यापेक्षा अधिक कळत होता. गलबत बांधायला लाकूड लागते, ते रानातून येते. खलाशाला भात लागतो, तो खोऱ्यातून येतो. वादळात गलबताला आसरा लागतो, तो खाडीत मिळतो. आणि हे सारे राखायला वर डोंगरावर डोळे लागतात. समुद्रावरचा किल्ला ही मूठ. खाडीवरचा किल्ला हा तिच्यामागचा दंड. मूठ काचेच्या कपाटात ठेवून दंड कुजू द्यायचा, असा आमचा सध्याचा इतिहासप्रेमाचा व्यवहार आहे.

आता दंडाची स्थिती काय आहे ती पाहू. अवचितगडावर जावयाचे तर मेढे किंवा पिंगळसई येथून चढावे लागते. वर महादेवाचे देऊळ आहे, खडकात खोदलेल्या टाक्यांचा समूह आहे, बारा कोनांचा एक देखणा तलाव आहे. दक्षिणेच्या बुरुजावर एक शिलालेख आहे. त्यात शके १७१८, नल संवत्सर, चैत्र शुद्ध प्रतिपदा असा काळ दिलेला आहे. म्हणजे १७९६ सालचा गुढीपाडवा. त्या पाडव्यालाही ह्या बुरुजाची कोणाला तरी काळजी होती. त्यानंतर बावीसच वर्षांनी, १८१८ साली, प्रॉथरच्या फौजेने ह्या भागातील किल्ले घेत घेत रायगड गाठला, आणि डोंगरी ठाण्यांची नोकरी संपली. १८४० साली आंग्र्यांचे कुलाबा संस्थानही खालसा झाले. पहारा उठला तो उठलाच. तेव्हापासून अवचितगडाची निगा राखणारा एकच शिलेदार उरला, तो म्हणजे तेथील रान. त्याने माणसांचे हात दूर ठेवले, आणि त्यानेच वडापिंपळाच्या मुळ्या तटात घातल्या.

पेणकडे सांकशीच्या किल्ल्याची कथाही अशीच. पायथ्याच्या दर्ग्यावरून लोक त्याला बद्रुद्दीन म्हणतात. वर खडकात खोदलेली पाण्याची टाकी इतकी आहेत की चढून आलेला माणूस प्रथम तटाऐवजी पाणीच पाहत राहतो. आणि तेच योग्य आहे. पाणी हेच किल्ल्याचे खरे बळ. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गड बांधण्यापूर्वी पाणी पाहावे, एका टाक्यावर विसंबू नये, आणि गडावर झाडे लावून ती राखावी, असे बजावून सांगितले आहे. तट मागाहून येतो. आम्ही मात्र तटाचे फोटो काढतो आणि टाक्यांत बाटल्या टाकतो.

ह्या अनास्थेला तीन पक्ष जबाबदार आहेत, आणि तिघांशीही मला दोन शब्द बोलावयाचे आहेत.

पहिला पक्ष सरकारी. त्याच्याजवळ कायदे भरपूर आहेत. १९०४ चा इंग्रजांचा होता, १९५८ चा केंद्राचा आहे, १९६० चा महाराष्ट्राचा आहे. २०१० साली केंद्राच्या कायद्यात दुरुस्ती होऊन संरक्षित वास्तूभोवती शंभर मीटरपर्यंत बांधकामास बंदी आणि त्यापुढे दोनशे मीटरपर्यंत नियमन आले. कायदा चांगला आहे. पण तो देऊळ, मशीद, मनोरा असल्या एकट्या वास्तूसाठी बेतलेला आहे. ठाणे म्हणजे एकटी वास्तू नव्हे. गडावर हवालदार, सबनीस, कारखानीस असत. एकाने फितूर होऊन गड देऊ नये म्हणून अधिकार तिघांत वाटलेला असे. पण त्यांच्याखाली, डोंगराच्या कमरेला मेटे असत, पायथ्याला घेरा असे. तेथे रामोशी, महार, कोळी आदी लोक रानाची आणि वाटांची राखण करीत आणि त्याबद्दल जमिनी खात. रोहे तालुक्यात एका गावाचे नावच घेरा सुरगड असे आहे. सातबाऱ्यावर आजही लष्करी व्यवस्थेचा शब्द जिवंत आहे, आणि संरक्षणाची रेघ मात्र तटापासून शंभर मीटरांवर थांबते! मेट, घेरा, वाट, बंदर हे सर्व रेघेच्या बाहेर. उद्या महामार्गाच्या भरावासाठी पायथ्याची टेकडी फोडली तरी कागदोपत्री किल्ला सुरक्षितच राहील. मुंबई-गोवा महामार्गाचे रुंदीकरण २०११ पासून चालले आहे; त्या रस्त्याने जाणाऱ्याने पेणपासून कोलाडपर्यंत दोहों बाजूंच्या डोंगरांकडे एकदा डोळे उघडून पाहावे, म्हणजे मला कशाची धास्ती वाटते ते कळेल.

दुसरा पक्ष उत्साही मंडळींचा. ह्यांच्याविषयी लिहिताना माझी लेखणी थोडी अडखळते, कारण रविवारची झोप सोडून कोयती-फावडी घेऊन गड चढणारी पोरे हीच आहेत. ती नसती तर कित्येक वाटा केव्हाच बुजल्या असत्या. त्यांचे ऋण मान्य करूनच सांगतो की, प्रेमाने केलेली नासधूस ही नासधूसच असते. एका गडावर मी स्वतः पाहिले: जुन्या टाक्याच्या काठाला सिमेंटचा जाड थर, पायऱ्यांना सिमेंट, एका घडीव दगडाला तेलाचा रंग. ज्यांनी केले त्यांची छाती अभिमानाने भरून आली होती. त्यांना कोणी सांगितले नव्हते की जुना चुना मऊ असतो म्हणूनच भिंत जगते. चुन्याच्या सांध्यातून भिंतीतील ओल बाहेर पडते. सिमेंट ती कोंडून धरते, आणि मग सांधा न फुटता शेजारचा दगड फुटतो. कोकणच्या पावसात ह्याला फार वर्षे लागत नाहीत. अलिबागेच्या कुलाबा किल्ल्याचा तट पाहा. प्रचंड दगड चुन्यावाचून एकावर एक रचले आहेत. लाटेचे पाणी फटीत शिरते, जोर गमावते आणि परत जाते. ती फट म्हणजे कारागिराचा आळस नव्हे, ती त्याची विद्या आहे. ती फट 'दुरुस्त' करणारा मनुष्य शत्रूच्या तोफेला जे साधले नाही ते साधून दाखवील.

तोफांचेही तेच. पडलेली तोफ दिसली की ती उचलून, रंगवून, नव्या लाकडी गाड्यावर चढवून दरवाजाशी मांडायची अशी चाल पडली आहे. दिसायला छान दिसते. पण ती कोणत्या बुरुजावर होती, तिचे तोंड खाडीकडे होते की खिंडीकडे, ह्याची नोंद हलवण्यापूर्वी कोणी केली काय? नसेल केली, तर इतिहासाचे एक वाक्य पुसून त्या जागी एक चित्र चिकटवले, एवढाच त्याचा अर्थ. पेण हे गणपतीच्या मूर्तींचे गाव. तेथल्या कारखान्यांत एका साच्यातून शेकडो मूर्ती निघतात, आणि त्यात काही वावगे नाही; मूर्ती वर्षाची पाहुणी असते. किल्ले मात्र साच्यातून काढू नयेत. तीच कमान, तोच झेंडा, तीच तोफ, तोच फलक असे झाले, तर घोसाळगड आणि सुरगड ह्यांत फरक तो काय राहिला?

तिसरा पक्ष विद्वानांचा, आणि माझा खरा राग ह्यांच्यावर आहे. कारण ह्यांना कळत असते. हे विचारतात, ह्या ठाण्यांवर अशी कोणती मोठी लढाई झाली? कोणता प्रसिद्ध पुरुष येथे पडला? जणू पहारेकऱ्याची किंमत त्याच्या दारात किती खून पडले ह्यावर ठरवायची! ज्या दारावर पहारा चोख असतो तेथे दरोडा पडत नाही. ठाण्याचा इतिहास बखरीत कमी आणि जमाखर्चात अधिक सापडतो. किती माणसे, किती भात, किती दारूगोळा, जकातीचे किती आले — ही राज्य चालवण्याची विद्या आहे. ती दुर्लक्षित ठेवल्यामुळेच आपला इतिहास पराक्रमाच्या कथांनी फुगला आणि व्यवहारज्ञानाने रोडावला. ह्या टेकड्यांचे बरेचसे वर्णन अजूनही १८८३ सालच्या इंग्रजांच्या कुलाबा गॅझेटियरातून उचलले जाते, ह्याची आपल्या विद्यापीठांना लाज वाटत नाही काय? परक्या सरकारच्या वसुली अधिकाऱ्यांनी जेवढे पाहून लिहिले, तेवढेही आम्ही आमच्या घराजवळच्या डोंगराविषयी नव्याने पाहून लिहू नये?

आणखी एक नाजूक प्रश्न आहे, तो टाळून चालणार नाही. कोर्लईचा किल्ला १५९४ साली पोर्तुगीजांनी निजामशाहीकडून घेतला आणि १७४० साली तो रेवदंड्यासह मराठ्यांकडे आला. तेथे पोर्तुगीज लेख आहेत, चर्चचे अवशेष आहेत. 'परक्यांची ही चिन्हे कशाला जपायची?' असे विचारणारे लोक हल्ली भेटतात. त्यांना मी कोर्लई गावात जाण्याची विनंती करीन. तेथील ख्रिस्ती कुटुंबे घरात पोर्तुगीज आणि मराठी ह्यांच्या मिश्रणातून झालेली एक बोली बोलतात. शिबंदी गेली, गव्हर्नर गेला, राज्यही गेले. पण त्या ठाण्याने मागे ठेवलेली भाषा चुलीपाशी टिकून राहिली. असा जिवंत पुरावा ज्याच्या घरात आहे त्याने दगडावरचा पुरावा खरवडावा, ह्यापरता करंटेपणा कोणता? ज्याला आपण जिंकले त्याचे नावच पुसून टाकले, तर आपण जिंकले ते कोणाला, हे पुढच्या पिढीस कसे सांगणार? चिमाजीअप्पांच्या मोहिमेचे मोल समजायचे तर समोर फिरंग्याचा तट शाबूत हवा. हेच सांकशीच्या दर्ग्याविषयी, हेच निजामशाहीच्या बांधकामाविषयी. ठाण्याने अनेक धनी पाहिले. त्याची निष्ठा खाडीशी होती.

मग करावे काय? कोणी म्हणेल, टीका सोपी आहे. म्हणून सांगतो, आणि मागतो ते फार खर्चाचे नाही.

कुंडलिका आणि अंबा ह्या दोन खाड्यांवरील सर्व ठाणी, बंदरे, जुन्या वाटा आणि पूल ह्यांची एकत्र मोजणी करून एकच नकाशा काढावा; कोर्लईपासून अवचितगडापर्यंत आणि धरमतरपासून मिरगड-सांकशीपर्यंत. नागोठण्याचा जुना दगडी पूलही त्यात यावा. गावोगावच्या दप्तरांत घेरा, मेट, इनाम, पहारा असे शब्द जेथे जेथे आहेत त्या जमिनींची यादी करावी. हे काम कॉलेजातील मुलांना एका उन्हाळ्यात जमण्यासारखे आहे. प्रत्येक तोफ, प्रत्येक लेख, प्रत्येक टाके आहे त्या जागी नोंदले जावे, आणि नोंदीपूर्वी हलवू नये. डागडुजीत सिमेंट वर्ज्य असावे. चुना मळणारे हात अजून मिळतात, त्यांना काम द्यावे. तटात रुजलेले झाड ओढून काढू नये. ते ओढले की तटही त्याच्याबरोबर येतो. फांद्या छाटून, बुंधा कापून, मूळ जागच्या जागी मारावे. गाळ उपसायचा तर जाणत्याच्या देखरेखीखाली, कारण गाळातही इतिहास असतो. आणि जे पडले आहे ते पडलेलेच राहू द्यावे. नवा बुरूज बांधून जुना बुरूज परत येत नाही. फक्त जुन्याविषयी खोटे बोलल्याचे पाप लागते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हे काम पायथ्याच्या गावांच्या हाती असावे. पहारा त्यांचाच होता. मेढे, पिंगळसई, घोसाळे, खांब, कोर्लई येथील माणसांना किल्ल्याविषयी सांगायला मुंबईहून वक्ता आणण्याची गरज नाही. त्यांना विचारायला जाण्याची गरज आहे. कोणती वाट पावसात बंद होते, कोणत्या टाक्याला चैत्रात पाणी असते, हे तेच जाणतात. त्यांतील वृद्ध माणसे एकेक करून जात आहेत, आणि प्रत्येकाबरोबर एकेक गॅझेटियर जळते आहे.

धरमतरच्या खाडीत आजही बार्जेस येतात. डोलवीच्या पोलाद कारखान्याचा माल त्यांतून चढतो-उतरतो. रोह्याला धाटावची रासायनिक कारखान्यांची वसाहत खाडीच्या उगमाकडे तोंड करून उभी आहे. समुद्राची वाट बंद झालेली नाही, तिच्यावरची वाहतूक उलट वाढली आहे. बंद झाला आहे तो पहारा. परकी गलबते आता येणार नाहीत, हे मलाही कळते. पण पहारा हा केवळ शत्रूवर नसतो. आपल्या पाण्यावर, आपल्या डोंगरावर, आपल्या हव्यासावर नजर ठेवणारा कोणीतरी उंचावर बसलेला असावा, एवढे शहाणपण ह्या ठाण्यांनी तीनचार शतके शिकवले. तहाच्या दिवशी जे सोडले नाही, ते सुकाळाच्या दिवसांत सोडून देणाऱ्या पिढीला इतिहास काय म्हणेल, हे सांगण्यास ज्योतिषी लागत नाही.